घरचा कॉम्प्युटर सांगलीत, आपण पुण्यात: टेलस्केलने जोडणी कशी करायची

हिशेबाचा सगळा डेटा सांगलीच्या घरी आणि ‘ते स्टेटमेंट आत्ताच्या आत्ता पाठवा’ असा फोन येतो तो आपण स्वारगेटला उतरल्यावर. किंवा डीटीपीचं मशीन मिरजेच्या दुकानात, श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (ज्याशिवाय ते उघडत नाही ती यूएसबी किल्ली) त्याच मशीनला, आणि रविवारी संध्याकाळी ग्राहकाला लग्नपत्रिकेतल्या मामांच्या नावाची वेलांटी बदलून हवी असते. अशा वेळी घरच्या कॉम्प्युटरसमोर बसल्यासारखं काम करता आलं तर गाडीभाडंही वाचतं आणि शब्दही राहतो.

हे जमवून देणारं एक सॉफ्टवेअर म्हणजे टेलस्केल. ते तुमच्या उपकरणांचं आपापसातलं एक खाजगी नेटवर्क तयार करतं. हा लेख नवख्यांसाठी आहे. विंडोज वापरता येतं, सॉफ्टवेअर टाकता येतं, पण नेटवर्किंगचं नाव काढलं की धडकी भरते, अशा माणसाला समोर ठेवून लिहिलाय. जोडणी करायला अर्धा तास पुरतो. पण घरचा कॉम्प्युटर हाक मारल्यावर ओ देईल अशा अवस्थेत ठेवणं हे त्याहून मोठं काम आहे. बहुतेक लोक अडकतात ते तिथे, म्हणून त्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

थेट का जोडता येत नाही

इंटरनेटवरच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची, म्हणजे आयपीव्ही४ पत्त्यांची, एकूण संख्या सुमारे ४३० कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे २०११ च्या फेब्रुवारीत वाटून संपले. तेव्हापासून इंटरनेट कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात. मोठ्या अपार्टमेंटला एकच पत्ता आणि गेटवर वॉचमन असावा तसं हे आहे. आतला माणूस हवा तेव्हा बाहेर जातो, पण बाहेरून येणाऱ्याला फ्लॅट नंबर माहीत नसतो आणि वॉचमन त्याला गेटवरूनच परत पाठवतो.

तुमचं कनेक्शन असं आहे का, ते पाहणं सोपं आहे. राउटरच्या सेटिंगच्या पानावर ‘वॅन आयपी’ म्हणून, म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता म्हणून, जो आकडा दिसतो तो पाहा. मग गुगलवर आपला आयपी कोणता ते शोधा. दोन्ही आकडे वेगळे असतील तर तुम्ही अशा सामायिक पत्त्यामागे आहात. वॅनचा आकडा १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल तर शंकाच नको, हा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला.

ज्यांच्याकडे स्वतःचा सार्वजनिक पत्ता आहे त्यांना कुणीतरी हमखास सांगतं, ‘राउटरमध्ये ३३८९ पोर्ट फॉरवर्ड कर, झालं काम.’ तसं करू नका. पोर्ट म्हणजे दरवाजा, आणि ३३८९ हा विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून मशीन वापरू देणाऱ्या सोयीचा, ठरलेला दरवाजा. तो उघडा कुठे सापडतोय हे शोधणारे प्रोग्रॅम जगभर रात्रंदिवस फिरत असतात, आणि सापडला की पासवर्डांचा मारा सुरू होतो. २०१९ मध्ये याच सेवेत ‘ब्लूकीप’ नावाची त्रुटी सापडली. पासवर्ड न देताही आत शिरता येईल अशी ती होती, आणि ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने केव्हाच निवृत्त केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. सगळ्या वर्षाचे हिशेब फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या एका रॅन्समवेअरच्या स्वाधीन करण्यापेक्षा दरवाजा उघडलाच नाही तर काय वाईट?

मग हे खाजगी नेटवर्क काय करतं

टेलस्केल हे सॉफ्टवेअर तुमच्या प्रत्येक उपकरणावर बसतं आणि प्रत्येक उपकरण स्वतःची किल्ल्यांची जोडी तयार करतं. खाजगी किल्ली त्या उपकरणाबाहेर कधीच जात नाही. सार्वजनिक किल्ली टेलस्केलच्या सर्व्हरवर जाते. त्या सर्व्हरचं काम एवढंच, की तुमच्या उपकरणांना एकमेकांच्या सार्वजनिक किल्ल्या द्यायच्या आणि कोण सध्या कुठल्या पत्त्यावर आहे ते कळवायचं. त्यानंतर घरचा कॉम्प्युटर आणि तुमचा लॅपटॉप दोघेही एकाच वेळी आतून बाहेर एकमेकांच्या दिशेने डेटाची पाकिटं सोडतात. दोन्हीकडच्या राउटरना वाटतं की आपल्याच माणसाने बाहेर काहीतरी पाठवलंय, आलेलं उत्तर आत सोडायला हरकत नाही. अशी वाट तयार झाली की पुढची सगळी देवाणघेवाण थेट, मधे कुणी नाही.

कधीकधी राउटर फार कडक असतो आणि थेट वाट निघत नाही. मग पाकिटं टेलस्केलच्या मध्यस्थ सर्व्हरवरून जातात. असा एक सर्व्हर बंगळूरला आहे, त्यामुळे आपल्याकडून फार लांबचा वळसा पडत नाही. मध्यस्थ असला तरी मजकूर बंदच राहतो, कारण तो उघडायची किल्ली फक्त तुमच्या दोन उपकरणांकडे असते.

खालचं यंत्र वायरगार्ड नावाच्या तंत्राचं आहे. जेसन डोनेनफेल्ड यांनी ते लिहिलं आणि २०२० मध्ये ते लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात सामील झालं. कोड आटोपशीर असल्यामुळे तपासायला सोपा, आणि म्हणूनच त्यावर विश्वास टाकणारे बरेच. झिरोटियर, नेटबर्ड असे दुसरे पर्यायही आहेत आणि ते चांगले आहेत. नवख्याला मी टेलस्केल सुचवतो, कारण त्यात चुकायला जागा कमी आहे आणि घरगुती वापराला पैसे पडत नाहीत.

बसण्याआधी दोन गोष्टी पाहून घ्या

पहिली, तुमचं विंडोज ‘होम’ आहे की ‘प्रो’. सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट इथे लिहिलेलं असतं. प्रो असेल तर विंडोजचा स्वतःचा रिमोट डेस्कटॉप वापरता येईल. होममधून दुसरीकडे जाता येतं, पण होमवाल्या मशीनवर बाहेरून येता येत नाही. तयार लॅपटॉपवर बहुतेक होमच येतं, त्यामुळे आधी पाहिलेलं बरं. काळजी नको, होमवाल्यांसाठी वेगळी वाट आहे.

दुसरी, ज्या गुगल किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याने टेलस्केलमध्ये शिरणार आहात त्याला द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खूण मागणारी) लावली आहे ना? यापुढे ते खातं म्हणजेच घराची किल्ली. घरातल्या चौघांनी मिळून वापरायचं आणि ज्याचा पासवर्ड कॅलेंडरवर लिहिलाय ते खातं या कामाला वापरू नका.

पायरी १: घरच्या कॉम्प्युटरवर

टेलस्केलचं सॉफ्टवेअर त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा. गुगलच्या शोधात वर येणाऱ्या जाहिराती टाळा, रिमोटच्या सॉफ्टवेअरच्या नावाने बनावट पानं नेहमी फिरतात. इन्स्टॉल करा, लॉगिन करा. घड्याळाशेजारी छोटं चिन्ह येईल. त्यावर क्लिक केलं की या मशीनचा टेलस्केल पत्ता दिसतो, समजा १००.१०१.१४.२७. मघाशी सांगितलेल्याच राखीव पट्ट्यातला हा आकडा, पण राउटरवरच्या वॅन आयपीशी त्याचा काही संबंध नाही. दोन्हींची गल्लत करू नका. हा पत्ता मशीनला कायमचा चिकटतो, घरचं इंटरनेट बदललं तरी तोच राहतो. तो डायरीत लिहून ठेवा.

आता ब्राउझरमध्ये टेलस्केलचं ॲडमिन पान उघडा. मशीनच्या यादीत तुमचा कॉम्प्युटर विंडोजने दिलेल्या अगम्य नावाने दिसेल. त्याचं नाव बदलून इंग्रजी अक्षरांत ‘घर-पीसी’ असं काहीतरी सुटसुटीत करा. पुढे आकड्याऐवजी हे नाव टाकूनही जोडता येतं.

नंतरच्या दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. घड्याळाशेजारच्या चिन्हाच्या मेनूत ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘रन अनअटेंडेड’ असा पर्याय आहे, तो चालू करा. नाहीतर घरी कुणी विंडोजमध्ये लॉगिन करेपर्यंत टेलस्केल जागं होत नाही. वीज गेली, आली, कॉम्प्युटर लॉगिनच्या पडद्यावर थांबला, की तुम्ही बाहेरच. दुसरं, ॲडमिन पानावर घरच्या मशीनसमोरच्या तीन टिंबांवर क्लिक करून ‘डिसेबल की एक्स्पायरी’ करा. मुळात प्रत्येक मशीनची किल्ली १८० दिवसांनी संपते आणि पुन्हा लॉगिन मागते. म्हणजे दिवाळीत केलेली जोडणी ऐन वैशाखात, काही कारण नसताना, बंद पडणार, आणि तुम्ही फोनवरून वडिलांना ‘अप्पा, खाली उजव्या कोपऱ्यात एक बारीक चिन्ह आहे बघा’ असं सांगत बसणार. हे फक्त घरी राहणाऱ्या मशीनसाठी करा. लॅपटॉप आणि फोन हरवण्याची शक्यता असते, त्यांची किल्ली संपू द्या.

पायरी २: फोनवर किंवा लॅपटॉपवर

त्याच खात्याने टेलस्केल टाका. अँड्रॉइड फोन व्हीपीएनची, म्हणजे अशा खाजगी नेटवर्कच्या जोडणीची, परवानगी मागेल, ती द्या. वर किल्लीचं चिन्ह दिसू लागेल. फोनवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतं, म्हणून ऑफिसचं दुसरं एखादं असेल तर दोघांपैकी एकच सुरू ठेवावं लागेल. तुमचं बाकीचं इंटरनेट, यूट्यूब, व्हॉट्सॲप वगैरे, पूर्वीसारखंच परस्पर जातं. टेलस्केलमधून फक्त तुमच्या आपापसातल्या उपकरणांची रहदारी होते.

आता चाचणी. ती घरच्या वायफायवरून करू नका, दोन्ही उपकरणं एकाच राउटरवर असताना जोडणी झाली तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटा चालू करा आणि मग पाहा. लॅपटॉप असेल तर तो फोनच्या हॉटस्पॉटला जोडा, कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘टेलस्केल पिंग’ ही कमांड इंग्रजी लहान अक्षरांत, पुढे घरच्या मशीनचं नाव देऊन चालवा. पहिल्या एकदोन ओळींत ‘व्हाया डर्प’ असं दिसेल, म्हणजे मध्यस्थामार्गे. मग पुढच्या ओळीत एखादा आयपी पत्ता आला की समजा थेट वाट निघाली. डर्पवरच थांबलं तरी काम चालतं, फक्त जरा सुस्त.

पायरी ३: पडदा दिसायला हवा

टेलस्केलने रस्ता दिला. त्या रस्त्याने जाऊन घरचा पडदा दाखवणारं सॉफ्टवेअर वेगळं. इथे दोन वाटा आहेत आणि कोणती निवडायची हे फक्त विंडोजच्या आवृत्तीवर ठरत नाही.

विंडोज प्रो असेल तर सेटिंग्ज, सिस्टम, रिमोट डेस्कटॉप इथे जाऊन ते चालू करा. लॅपटॉपवर ‘रिमोट डेस्कटॉप कनेक्शन’ उघडून १००.१०१.१४.२७ किंवा ‘घर-पीसी’ टाका. फोनवर मायक्रोसॉफ्टचं ‘विंडोज ॲप’ आहे. इंटरनेट बेताचं असलं तरी हे सुरेख चालतं, लॅपटॉपच्या पडद्याच्या मापाने चित्र येतं, आवाज येतो, फाइल कॉपी करून इकडे पेस्टही करता येते.

इथला नेहमीचा अडथळा म्हणजे पिन. घरी आपण चार आकडी पिन टाकून आत जातो आणि पासवर्ड कधीच विसरलेलो असतो. रिमोट डेस्कटॉपला पिन चालत नाही, खात्याचा पासवर्डच लागतो. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर यूझरनेम म्हणून पूर्ण ईमेल आणि त्याच खात्याचा पासवर्ड. तरीही नकार मिळत असेल तर घरच्या मशीनवर ‘साइन-इन ऑप्शन्स’मध्ये जा. फक्त विंडोज हॅलोनेच (पिन, बोटाचा ठसा किंवा चेहरा) साइन-इन होऊ द्यायचं असा जो पर्याय आहे तो बंद करा, साइन-आउट व्हा आणि एकदा पासवर्ड टाकून आत या. त्यानंतर बाहेरून चालतं. आणि मशीनला पासवर्डच ठेवला नसेल तर विंडोज बाहेरून आत घेतच नाही, ठेवावाच लागेल.

दुसरी वाट रस्टडेस्कची. हे मुक्त सॉफ्टवेअर विंडोज होमवरही चालतं. घरच्या मशीनवर ते नुसतं उघडून वापरू नका, इन्स्टॉल करा, म्हणजे लॉगिनच्या पडद्यावरही ते उत्तर देतं. सेटिंग्जमधल्या सुरक्षेच्या भागात कायमचा पासवर्ड ठेवा आणि ‘डायरेक्ट आयपी ॲक्सेस’ चालू करा. आता फोनवरच्या रस्टडेस्कमध्ये आयडीच्या जागी १००.१०१.१४.२७ टाकलं की त्यांच्या सार्वजनिक सर्व्हरला न विचारता थेट जोडणी होते.

दोन्हींत फरक कुठे पडतो? रिमोट डेस्कटॉपने शिरलात की घरच्या मॉनिटरवर लॉकचा पडदा येतो. घरी कुणी पासवर्ड टाकून आत आलं की तुम्ही बाहेर फेकले जाता. रस्टडेस्कमध्ये दोघांनाही एकच पडदा दिसतो, माउस हलताना दिसतो. बाबांना प्रिंटर जोडून द्यायचा आहे, आईला फोटो कसे शोधायचे ते दाखवायचंय, तर रस्टडेस्क.

कर सल्लागार आणि अकाउंटंट मंडळींनी इथे विशेष लक्ष द्यावं. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन घरच्या मशीनला लावलेला असला तरी रिमोट डेस्कटॉपच्या सेशनमध्ये तो दिसत नाही, कारण विंडोजच्या लेखी तो टोकन म्हणजे स्मार्ट कार्ड, आणि त्या वेळी ते स्मार्ट कार्ड तुमच्या समोरच्या लॅपटॉपवर शोधतं. टोकन बिघडला, ड्रायव्हर गेला असं समजून लोक तासभर डोकं फोडतात. रस्टडेस्कने गेलं तर टोकन दिसतो. तीच कथा काही डोंगलवाल्या सॉफ्टवेअरची. रिमोट सेशन ओळखून ती उघडायलाच नकार देतात, आणि रस्टडेस्कवरून गेलं तर गुमान उघडतात. हे झालं तंत्र. पण दहा अशिलांचे सहीचे टोकन दिवसरात्र मशीनला टोचून ठेवणं हा शहाणपणा नव्हे. सही लागेल तेव्हा घरच्या माणसाला फोन करून टोकन लावायला सांगा, काम झालं की काढायला सांगा.

मराठी टायपिंगचं थोडं. लॅपटॉपवरून जाताना घरच्या मशीनवरचाच कीबोर्ड लेआउट निवडा, लॅपटॉपचा इंग्रजीवर ठेवा. दोन्हीकडे मराठी लावलं की काहीच्या काही उमटतं. फॉन्ट लॅपटॉपवर टाकायची गरज नाही, अक्षरं घरी तयार होतात, तुमच्यापर्यंत फक्त चित्र येतं. जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत फोनवरून टाइप करायच्या फंदात पडू नका. ती मामांची वेलांटी लॅपटॉपवरूनच बदला.

बऱ्याचदा पडदा नकोच असतो, एक फाइल हवी असते. त्यासाठी टेलस्केलमध्येच टेलड्रॉप आहे. घरच्या मशीनवर फाइलवर राइट क्लिक करून ती फोनकडे धाडता येते, फोनवरून नेहमीच्या ‘शेअर’च्या यादीत टेलस्केल निवडून उलटही पाठवता येते.

घरचा कॉम्प्युटर जागा ठेवणं

वर केलेलं सगळं बरोबर असलं तरी मशीन झोपलं असेल तर उपयोग शून्य. सेटिंग्जमधल्या ‘पॉवर’मध्ये, विजेवर चालू असताना ‘स्लीप’ कधीच नाही असं करा. मॉनिटर पाच मिनिटांत बंद झाला तरी चालेल. लॅपटॉप घरी ठेवणार असाल तर झाकण मिटल्यावर काहीही करू नकोस हा पर्याय निवडा. खरं सांगायचं तर घरी ठेवायला जुना लॅपटॉपच उत्तम. वीज कमी खातो आणि बॅटरी असल्याने छोट्यामोठ्या झटक्यांना दाद देत नाही. कंपनीने चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय दिली असेल तर ती वापरा, नाहीतर सतत चार्जरला लावलेली बॅटरी फुगू शकते.

डेस्कटॉपसाठी सगळ्यात मोलाची सेटिंग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, असते. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून आत जा आणि पॉवरच्या भागात ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा ‘एसी बॅक’ अशा नावाची ओळ शोधा. ती ‘पॉवर ऑन’ करा. आता वीज जाऊन आली की मशीन आपोआप सुरू होईल, ‘रन अनअटेंडेड’मुळे टेलस्केलही उठेल. वळवाच्या पावसात महावितरणची वीज किती वेळा जाते हे तुम्हाला सांगायला नको. ही एक ओळ नसेल तर पहिल्याच वादळात तुमची जोडणी संपली.

इन्व्हर्टर असेल तर राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही त्याच्या लाइनवर आहेत का ते पाहा. कित्येक घरांत कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर असतो आणि राउटर हॉलमधल्या साध्या प्लगवर, मग मशीन चालू पण वाट बंद. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावा. मात्र डब्यावर लिहिलेला व्होल्टेज आधी वाचा, सगळेच राउटर १२ चे नसतात.

आणि बटण! घरात रात्री सगळे स्विच बंद करत फिरणारं एक माणूस असतंच, आणि ते योग्यच करत असतं. त्या स्विचवर ठळक अक्षरांत ‘हे बंद करू नका’ अशी चिठ्ठी डकवा. बोर्डाच्या मागच्या बाजूला किंवा टेबलाखाली स्वतंत्र प्लग असेल तर अधिक बरं.

खर्चाचा हिशेब करून ठेवा. नुसता चालू असलेला साधा डेस्कटॉप मॉनिटरशिवाय ५० वॅट खातो असं धरलं तर दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६. हे जड वाटत असेल तर दुसरी युक्ती आहे. मशीन नीट शटडाउन करून ठेवायचं आणि त्याचा प्लग वायफायवर चालणाऱ्या स्मार्ट प्लगमध्ये लावायचा. लागेल तेव्हा फोनवरून प्लग बंद करून पुन्हा चालू केला की बायोसची तीच सेटिंग मशीनला उठवते. चालू असलेल्या मशीनचा प्लग मात्र असा कधीच काढू नका. ‘वेक ऑन लॅन’बद्दल, म्हणजे झोपलेलं मशीन नेटवर्कवरून उठवण्याच्या सोयीबद्दल, ऐकलं असेल, ते घराच्या आतल्या नेटवर्कपुरतं चालतं. झोपलेल्या मशीनवर टेलस्केलही झोपलेलं असतं, त्यामुळे हाक मारायला घरात दुसरं काहीतरी जागं असावं लागतं. राउटरच्या ॲपमध्येच ती सोय असेल तर वापरा, नाहीतर नाद सोडा.

सांगलीकरांसाठी आणखी एक. २०१९ आणि २०२१ चा पूर आपण पाहिलाय. गावभाग, मारुती चौक, शामरावनगर या भागांत तळमजल्यावर घर किंवा दुकान असेल तर मशीन माळ्याच्या उंचीवर ठेवा, निदान पावसाळ्यात. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. पाणी तिच्या दिशेने चढू लागलं की वीज आधी बंद करतात, आणि मग पुण्यातून कितीही पिंग केलंत तरी उपयोग नाही. डेटाची प्रत आधीच दुसरीकडे हवी. रिमोट म्हणजे बॅकअप नव्हे.

सावधगिरीचं

कुणी फोन करून ‘बँकेतून बोलतोय, हे ॲप टाका, नंबर सांगा’ म्हणालं तर फोन ठेवा. २०१९ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने बँकांना दुरून फोन किंवा कॉम्प्युटर हाताळू देणाऱ्या एनीडेस्कसारख्या ॲपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल सावध केलं होतं. ॲप वाईट नसतं, समोरचा अनोळखी माणूस आत घेणं वाईट. तुमच्या जोडणीत नंबर कुणाला सांगायची वेळच येत नाही, हे आईवडिलांना एकदा नीट समजावून द्या.

फोन हरवला तर पहिल्यांदा ॲडमिन पानावर जाऊन तो यादीतून काढून टाका. भावाला किंवा सहकाऱ्याला एखादं मशीन द्यायचं असेल तर आपलं लॉगिन देऊ नका, त्याच पानावर एकच मशीन दुसऱ्याच्या खात्याशी शेअर करता येतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे टाकण्याआधी तिथल्या आयटीवाल्यांना विचारा, बऱ्याच कंपन्यांना ते चालत नाही आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे.

जोडणी झाली नाही तर

आधी ॲडमिन पान पाहा. घरचं मशीन ‘कनेक्टेड’ दिसत नसेल, त्यापुढे ‘लास्ट सीन’ची जुनी वेळ असेल, तर दोष वीज, इंटरनेट किंवा झोप यांपैकी एकाचा. घरी फोन करून विचारायचा प्रश्न एकच, राउटरवर दिवे हिरवे आहेत का. हिरवे असतील तर मशीनचं बटण. मशीन कनेक्टेड दिसतं पण पडदा येत नाही, तर टेलस्केलला हात लावू नका, गडबड रिमोट डेस्कटॉप, रस्टडेस्क किंवा पासवर्डची आहे. पडदा येतो पण रखडतो, तर पिंग करून डर्पवर अडकलंय का ते पाहा. घरच्या राउटरमध्ये ‘यूपीएनपी’ (आतल्या उपकरणांना स्वतःहून वाट मागू देणारी सोय) चालू केल्यावर कधीकधी थेट वाट निघते. रंग आणि रेझोल्यूशन कमी केलं तरी पुष्कळ फरक पडतो. घरच्या प्लॅनचा अपलोड वेगही तपासा, कारण घरचा पडदा तुमच्यापर्यंत अपलोडनेच येतो.

हात बसल्यावर: घरचा कॅमेरा आणि प्रिंटर

सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डबा (डीव्हीआर) किंवा नेटवर्क प्रिंटर यांच्यावर टेलस्केल टाकता येत नाही. पण घरच्या मशीनला ‘सबनेट राउटर’ केलं तर त्याच्यामार्गे घरातल्या बाकीच्या वस्तूंपर्यंत जाता येतं. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून ‘ॲडव्हर्टाइज रूट्स’ या पर्यायाने घरच्या नेटवर्कच्या पत्त्यांचा पट्टा जाहीर करायचा आणि मग ॲडमिन पानावर त्याला मंजुरी द्यायची. मंजुरी दिल्याशिवाय काही होत नाही, हे विसरू नका.

यात एक मेख आहे. घरचा राउटर १९२.१६८.१.० या पट्ट्यात असतो, आणि पुण्याच्या खोलीतला राउटरही बहुधा त्याच. मग डीव्हीआरचा पत्ता टाकला की लॅपटॉप तो खोलीतच शोधत बसतो. म्हणून हे करण्याआधी घरच्या राउटरच्या ‘लॅन’, म्हणजे घरातल्या नेटवर्कच्या, सेटिंगमध्ये पट्टा बदलून १९२.१६८.४७.० असा सहसा कुणी न वापरणारा ठेवा आणि डीव्हीआर, प्रिंटर, सगळं एकदा बंद करून चालू करा. ज्यांना हाताने ठरावीक पत्ता दिलेला असेल त्यांचा पत्ता त्यांच्याच मेनूत जाऊन नव्या पट्ट्यातला करावा लागेल, आणि हे काम घरी असतानाच उरकायचं.